हात न करणारा माणूस

व्हर्लिन हाउगेन मोटरसायकलवर असताना समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला हात करत नाही, हे सगळ्या कौंटीला ठाऊक होतं. तो मत कोणाला देतो, चर्चच्या नव्या छपराला त्याचा विरोध का होता, यावर मतभेद होते. हाताबद्दल नव्हते.

विस्कॉन्सिनच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात मोटरसायकलवाले ओळख नसली तरी एकमेकांना हात करतात. तिथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, तेव्हा समोरच्याच्या बाजूचा डावा हात हँडलवरून सोडायचा, मांडीशेजारी खाली न्यायचा आणि दोन बोटं रस्त्याकडे करायची. दोन्ही चाकं जमिनीवर राहोत, एवढाच त्याचा अर्थ. इतक्या थोडक्यात प्रार्थना उरकणारा पंथ दुसरा नसेल. निवडणुकीच्या दिवसांत एकमेकांचं तोंड न बघणारे लोकही रस्त्यावर समोरासमोर आले की ही दोन बोटं खाली करतात. जो करत नाही तो नवखा असतो, माजोरडा असतो किंवा मेलेला असतो. व्हर्लिन नवखा नव्हता आणि मेलेलाही नव्हता. तेव्हा शुक्रवारी मासे खायला बारमध्ये जमणाऱ्या मंडळींनी उरलेला पर्याय धरला होता.

त्याची सगळी नोकरी दुधाच्या टँकरवर गेली. पहाटे गोठ्यागोठ्यांतून दूध गोळा करायचं आणि चीजच्या कारखान्यात नेऊन रिकामं करायचं. टँकर अर्धा भरलेला असला की वळणावर आतलं दूध ड्रायव्हरला विचारून हलत नाही. त्यामुळे वेग वळणाच्या आधी कमी करायचा असतो, वळणात शिरल्यावर नाही, हे त्याला दुधानेच शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर हेच तो मोटरसायकल शिकायला येणाऱ्यांना सांगू लागला. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी टेक्निकल कॉलेजच्या पार्किंगमध्ये नारिंगी शंकू मांडले जात, लहान लहान गाड्या रांगेत लागत आणि व्हर्लिन छातीशी हात बांधून मधोमध उभा राही. त्याच्या जोडीला जोलीन असे. ती एरवी इस्पितळाच्या अपघात विभागात नर्स होती आणि पहिल्याच तासाला सगळ्यांना सांगे, "इथे लक्ष दिलंत तर तिथे आपली भेट होणार नाही. मला वाईट वाटणार नाही."

व्हर्लिनचं शिकवणं कोरडं होतं. जिकडे बघाल तिकडे जाल, खडीकडे बघाल तर खडीत जाल. ब्रेक दाबायचा, त्याच्यावर नाचायचं नाही. पुढच्या गाडीशी दोन सेकंदांचं अंतर ठेवा. ती खांबाजवळून गेली की एक हजार एक, एक हजार दोन म्हणा, तेवढ्यात तुम्ही त्या खांबाशी पोचलात तर तुम्ही फार जवळ आहात. डावीकडे वळायचं तर डावी मूठ पुढे ढकला. हे शेवटचं कोणाला पटत नसे. चालवून बघितल्यावर पटे. आणि, "आपण कोणाला दिसतच नाही असं धरून चालवा." हे वाक्य म्हणताना तो थोडा थांबत असे.

हेल्मेटशिवाय त्या पार्किंगमध्ये कोणाला पाय ठेवता येत नसे. त्या राज्यात सज्ञान माणसाला परवाना मिळाला की हेल्मेटची सक्ती नाही, त्यामुळे बरेच जण परवान्याचा पहिला उपयोग हेल्मेट काढून ठेवण्यासाठी करत. त्यावर व्हर्लिन काही बोलत नसे. तो फक्त तासाच्या शेवटी एक गोष्ट जास्तीची सांगे, जी अभ्यासक्रमात नव्हती.

"पहिला हंगामभर कोणाला हात करू नका."

वर्ग हसे. हात करायला मिळावा म्हणूनच अर्धे लोक आलेले असत.

"आणि त्यानंतर?" कोणीतरी विचारी.

"त्यानंतरही करू नका," व्हर्लिन म्हणे. पुन्हा हशा होई. तो विनोद करतोय असा लोकांचा समज होता आणि तो त्याने कधी दूर केला नाही.

त्या जूनमध्ये शुक्रवारी संध्याकाळच्या वर्गाला रोंडा स्टेनस्रुड येऊन बसली.

रोंडा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची; गावातल्या निम्म्या लोकांनी तिच्या हातचं खाल्लं होतं. साठीला टेकलेली, रुंद खांद्यांची, मोठ्याने हसणारी बाई. कोण कशासाठी आलंय हे सांगायची वेळ आली तेव्हा एक दातांचा डॉक्टर म्हणाला की बायकोने अखेर परवानगी दिली. दोन बहिणी म्हणाल्या की नवऱ्यांच्या मागे बसून पाठ बघण्याचा कंटाळा आला. रोंडा म्हणाली, "घरी एक मोटरसायकल आहे. कोणी चालवत नाही."

जोलीनने व्हर्लिनकडे बघितलं. व्हर्लिन फळ्याकडे बघत होता.

ती मोटरसायकल रोंडाच्या मुलाची, टॅनरची. टॅनर याच पार्किंगमध्ये, याच शंकूंमधून, व्हर्लिनच्या हाताखाली शिकला होता. पास होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा टेनी कुली नावाच्या दरीच्या रस्त्यावर, खाली उतरताना लागणाऱ्या वळणावर तो गेला. त्याला आता दहा-एक वर्षं झाली. पोलिसाने सैल खडीची नोंद केली. गावाने हरीण आडवं आलं असं धरलं. दोन्ही गोष्टी त्या वळणावर मुबलक होत्या.

खरं काय झालं ते एकाच माणसाने बघितलं होतं, कारण तो समोरून येत होता.

व्हर्लिन त्या दिवशी चढाने येत होता. ते वळण त्याच्यासाठी उजवं होतं. लाल टाकी दिसली, लाल हेल्मेट ओळखीचं वाटलं; अरे, हा तर आपला पोरगा. व्हर्लिनने डावा हात खाली केला, दोन बोटं, सवयीने. उजव्या वळणावर डाव्या हाताला काम नसतं. पण तेच वळण समोरून येणाऱ्यासाठी डावं होतं, आणि डाव्या वळणावर सगळं काम डाव्या हातालाच असतं. तीच मूठ ढकलून गाडी वळलेली ठेवायची असते. टॅनरने मूठ सोडली. गुरुजींनी हात केला होता. दोन बोटं त्याने अगदी नीट खाली केली. गाडी सरळ झाली आणि सरळच गेली, कडेच्या खडीत, आणि खडीच्या पुढे.

व्हर्लिनने हे लपवलं नाही. त्याने पोलिसाला सांगितलं. पोलीस स्वतः मोटरसायकलवाला. तो म्हणाला, "व्हर्लिन, हात केल्याने कोणी मरत नाही," आणि खडी लिहून घेतली. त्याने पास्टरला सांगितलं. पास्टरने खांद्यावर हात ठेवला आणि शोक माणसाला कसं बोलायला लावतो यावर एक पुस्तक वाचायला दिलं. त्याने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, जेवून घे. खरं सांगितल्यावर कोणी ऐकलं नाही की ते माणसापाशीच परत येतं आणि घरात राहायला लागतं. रोंडाला मात्र त्याने सांगितलं नव्हतं. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात तिने स्वतः त्याच्या ताटात बटाट्याचा रस्सा वाढला होता आणि म्हणाली होती, "तू शिकवलेलं त्याला फार आवडलं होतं हां." त्यानंतर सांगायचं राहून गेलं.

पुढच्या उन्हाळ्यापासून आरशात दिवा दिसू लागला.

उजव्या आरशात, मागे, एकच दिवा. प्रथम त्याला वाटलं, कोणी मोटरसायकलवाला मागे आहे, जाईल पुढे. तो गेला नाही. व्हर्लिन लेनच्या डाव्या बाजूने चाले, दिवा उजव्या बाजूने. एकामागे एक जाताना असंच चालायचं असतं. व्हर्लिनने वेग कमी केला, दिव्यानेही केला. एकदा त्याने टपालपेटी बघून मोजलं. एक हजार एक, एक हजार दोन, आणि मग दिवा पेटीशी आला. रोज, दर वेळी. चौकात थांबून मागे वळून बघितलं की रस्ता मोकळा. पुढे निघालं की दिवा पुन्हा आरशात. मोटरगाडीच्या आरशात तो कधी आला नाही. व्हर्लिनने आरसे बदलले, मग मोटरसायकल बदलली. नव्या मोटरसायकलच्या आरशात दिवा जास्त स्वच्छ दिसू लागला.

त्याला भीती वाटे ती दिव्याची नव्हे. इतक्या वर्षांत त्या दिव्याची एकही चूक त्याला काढता आली नव्हती, याची वाटे.

बायकोला मागे बसवून एकदा तो म्हणाला, "जरा मागे बघ, कोणी आहे का." तिने बघितलं आणि नाही म्हणाली. मग तिने विचारलं, "कोण असायला हवं होतं?" त्यानंतर ती कधी मागच्या सीटवर बसली नाही. पास्टरला त्याने आडून विचारून बघितलं. पास्टर म्हणाला, "आपल्या पंथात पवित्र आत्मा सोडला तर दुसऱ्या कोणाची सोय नाही, व्हर्लिन."

शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये रोंडा लहान निळ्या मोटरसायकलवर बसली आणि चांगली निघाली. क्लच अर्धा सोडून गाडी चालत्या माणसाच्या वेगाने नेताना डॉक्टरसाहेबांची गाडी बेडकासारख्या उड्या मारत होती; रोंडाची दुधावरच्या सायीसारखी सरकत होती. जोलीन ओरडली, "वा रोंडाताई! डॉक्टर, बघून शिका. दात नंतर उपटा."

मग लांबट गोलात चालवायची पाळी आली. समोरच्या बाजूने दोघी बहिणींपैकी एक आली. रोंडाने डावा हात सोडला आणि दोन बोटं खाली केली.

"हात मुठीवर!" व्हर्लिन ओरडला.

पुढच्या फेरीला तिने पुन्हा केलं. डॉक्टरला. डॉक्टरने घाबरून दोन्ही पाय खाली सोडले.

"रोंडा! दोन्ही हात!"

तिसऱ्या वेळी वळणातच केलं. डावं वळण होतं. वेग सायकलचा होता, पडायला तिथे काही नव्हतं. गाडी सरळ झाली, दोन शंकू आडवे करून गेली आणि थांबली. रोंडा हेल्मेटच्या आत हसत होती. व्हर्लिन जागचा हलला नाही. जोलीन पळत गेली, शंकू उभे केले आणि परत येताना हळूच म्हणाली, "पांढरे पडलायत तुम्ही. बसा जरा."

"ऊन आहे."

"ढग आहेत, व्हर्लिन."

मधल्या सुट्टीत रोंडा थर्मास घेऊन त्याच्याजवळ कॉलेजच्या पिकअप ट्रकच्या मागच्या फळीवर येऊन बसली. मांसाच्या गोळ्यांचं सँडविच तिने न विचारता अर्धं करून त्याच्या हातात दिलं.

"तू माझ्यावर ओरडतोस तसं माझ्या आईनंतर कोणी ओरडलं नाही," ती म्हणाली.

"हात सोडू नकोस."

"अरे, पण तेच तर करायचंय मला. बाकी काय, चार पेट्रोलपंपांवर कॉफी प्यायचीय का?" तिने कॉफी ओतली. "टॅनर पास होऊन घरी आला ना, स्वयंपाकघरात उभा राहून मला सगळं करून दाखवलं. ब्रेक कसा, वळायचं कसं. मग म्हणाला, आई, समोरून कोणीही येवो, तो हात करतो. ओळख नाही, पाळख नाही. आणि म्हणाला, मला व्हर्लिनने रस्त्यावर हात केला ना, की मी खरा."

व्हर्लिनने सँडविच खाली ठेवलं. त्याने कॉफीचा घोट घेतला. ती फार गरम होती.

"आणि तू कोणालाच करत नाहीस," रोंडा म्हणाली. "बारमध्ये म्हणतात, त्याला वाटतं आपण शेरीफ आहोत. मी म्हटलं, नाही रे, त्याचा खांदा दुखत असेल."

"परवाना मिळाल्यावर कुठे जाणार?"

"कुठे म्हणजे? टेनी कुली. शाळेतून घरी यायचा तोच रस्ता माझा. दहा वर्षं मी हमरस्त्याने लांबून जाते, पेट्रोल काय फुकट येतं?" ती उठली. "त्या वळणावर कोणी समोरून आलं तर मी हात करणार. तिथे तर नक्की करणार. मग तू ओरड किती ओरडायचं ते."

त्या संध्याकाळी घरी जाताना आरशातला दिवा नेहमीच्या अंतरावर होता. व्हर्लिनला प्रथमच वाटलं की तो वाट बघतोय.

रविवारी दुपारी परीक्षा झाली. जोलीनने गुण मांडले. डॉक्टर काठावर पास झाला आणि त्याने बायकोला फोन लावला. रोंडा वर्गात दुसरी आली. परीक्षेत समोरून कोणी येत नाही, त्यामुळे तिने एकदाही हात सोडला नव्हता. ब्रेक चोख, वळणं चोख, नजर जिथे हवी तिथे. नापास करायला कारण नव्हतं. व्हर्लिनने कारण शोधून बघितलं, हे जोलीनने बघितलं.

"काय झालंय?" ती म्हणाली. "बाई पास आहे."

"ती वळणात हात करेल."

"मग तिला सांगा."

"सांगितलं. शनिवारी दोनदा ओरडलो."

"ओरडलात. सांगितलं नाहीत." अपघात विभागात माणसं एवढंच बोलायला शिकतात.

सगळे गेल्यावर रोंडा आपल्या ट्रकशी किल्ली शोधत होती. व्हर्लिन तिच्यापाशी गेला. रिकाम्या पार्किंगवर शंकू अजून उभे होते. त्याने तिला त्यांच्याकडे बोट करून दाखवलं, जणू तो अजून शिकवतच होता. हे वळण. मी इकडून वर येत होतो, मला ते उजवं. तो तिकडून खाली, त्याला डावं. डाव्या वळणात डावी मूठ ढकललेली ठेवायची असते. मग त्याने उरलेलं सांगितलं. आवाज तासाला असे तसाच होता; दुसरा आवाज त्याच्याकडे नव्हता.

रोंडा किल्ली मुठीत धरून ऐकत राहिली.

"हरीण नव्हतं?" तिने विचारलं.

"नव्हतं."

"दहा वर्षं मी हरणांवर दात धरून आहे, व्हर्लिन. दर नोव्हेंबरला भाऊ शिकार घेऊन येतो आणि मी ते मांस सूड उगवल्यासारखी खाते." ती हसली नाही. "आधी हात कोणी केला?"

"मी."

"आणि त्याने बघितला."

"बघितला म्हणून तर."

तिने शंकूंकडे बघितलं. एका शंकूवर पक्षी बसला होता, तो उडाला.

"तेव्हा का नाही बोललास?"

"तू रस्सा वाढलास."

"देवा रे." तिने ट्रकचं दार उघडलं. "माणसं काय काय कारणं देतात." ती आत बसली, दार लावलं, काच खाली केली. व्हर्लिनला वाटलं, आता शिवी येईल. शिवी त्याला चालली असती. "शिकवलंस तेवढं पुरे झालं," ती म्हणाली आणि गेली.

हात करणार नाही असं तिने कबूल केलं नव्हतं. ती रागावली होती, आणि रागावलेली माणसं नवा परवाना घेऊन पहिल्यांदा कुठे जातात, हे व्हर्लिनला माहीत होतं.

तिला परवाना मिळाल्याचं त्याला बारमध्ये कळलं. लाल मोटरसायकल शेडमधून बाहेर आली, बॅटरी नवी टाकली, टायर नवे टाकले, हे मेकॅनिककडून कळलं. त्यानंतर रोज दुपार कलली की व्हर्लिन मोटरसायकल काढी आणि टेनी कुलीच्या रस्त्याने वर जाई, खाली येई, पुन्हा वर जाई. तिथे जाऊन आपण काय करणार, हे त्याला सांगता आलं नसतं. खडी दिसली तर उतरून बुटाने कडेला सारत असे. एकदा मोटार न वापरणाऱ्या अमिश पंथाच्या लोकांची घोडागाडी थांबली आणि दाढीवाल्याने विचारलं, काही हरवलं का. व्हर्लिन नाही म्हणाला. दिवा मागे होताच.

आणि एका संध्याकाळी, दरीत सावली उतरली असताना, तो चढाने येत होता आणि वरून लाल टाकी येताना दिसली.

जागा तीच. त्याच्यासाठी उजवं, तिच्यासाठी डावं. व्हर्लिनचा डावा हात मुठीवर गार पडला. हे हेल्मेट त्याला ओळखू येत होतं. ते टॅनरचं नव्हतं, रोंडाचं नवं पिवळं होतं, पण एका श्वासापुरता त्याला तो रंग लालच दिसला. तिने त्याला ओळखलं होतं. त्या कौंटीत त्याला न ओळखणारं कोण होतं? वेग तिने वळणाआधीच कमी केला होता. व्हर्लिनने स्वतःला बजावलं, तिच्या हाताकडे बघायचं नाही, जिकडे बघू तिकडे जाऊ. तरी त्याने बघितलं.

तिचा डावा हात मुठीवर होता. मूठ पुढे ढकललेली होती. मान वळलेली, नजर वळणाच्या शेवटाकडे, त्याच्याकडे नाही. गाडी रेघेवरून जावी तशी वळणातून गेली. दोघांचे चारही हात जागच्या जागी होते. इतक्या वर्षांत त्या रस्त्यावर कोणी व्हर्लिनचा एवढा मान ठेवला नव्हता. पण ती क्षमा नव्हती, हे त्याला नीट कळलं.

वळण संपल्यावर, रस्ता सरळ झाल्यावर, मगच त्याने आरशात बघितलं. तिथे नेहमीचा दिवा नव्हता. आरसा रिकामा होता. नुसता रस्ता आणि संध्याकाळ. त्याला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी घरातलं माणूस न सांगता निघून गेल्यासारखं वाटलं.

त्याने गाडी कडेला घेतली, पाय टेकला आणि मागे वळून बघितलं. या वेळी मागे काहीतरी होतं. खाली दरीत, रोंडाच्या मोटरसायकलचा लाल दिवा पुलाकडे चालला होता. ती लेनच्या डाव्या बाजूने होती. आणि तिच्या मागे, उजव्या बाजूने, आणखी एक लाल दिवा.

पुलाच्या खांबापासून रोंडाचा दिवा पुढे गेला. व्हर्लिन ओठांतल्या ओठांत मोजू लागला. एक हजार एक. एक हजार दोन.

मग दुसरा दिवा खांबाशी आला. अंतर बरोबर होतं.